करोडगिरीची आडकाठी

मी आडकाठी बोलतेय. चांगल्या कामात घालतात म्हणून जिच्या नावानं बोटं मोडली जातात, ती नव्हे. मी खरीखुरी, सागाची, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे असलेली, जकात नाक्यावरची आडकाठी. बोलताना लोक आम्हा दोघींत फरक करत नाहीत. त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म कन्नडकडच्या रानातला. सत्तर सालच्या उन्हाळ्यात मला ट्रकवर लादून इथं आणलं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाची तरी तक्रार यायची. अंबडच्या वाटेवरचं एक कसब्याचं गाव समजा. नगरपालिका आहे, आठवड्याचा बाजार आहे, कापसाचं जिनिंग आहे. जालन्याला तेव्हा जिल्ह्याचा मान मिळाला नव्हता. आम्ही सगळे औरंगाबाद जिल्ह्यातलेच.

मी नाक्यावर आले आणि पहिल्याच दिवशी माझीच अडवणूक झाली. नाक्याचा कारकून बद्रीनाथ चष्मा पुसत बाहेर आला, मला खालून-वरून न्याहाळलं आणि म्हणाला, "सागाचं लाकूड हाय. जकात लागंल."

"आवो, हे तुमच्याच नाक्यासाठी आणलंय!" ट्रकवाला ओरडला.

"मंग तसा कागद दाखव."

कागद नगरपालिकेतून येईपर्यंत मी उन्हात तापत पडले होते. नियम म्हणजे नियम. ज्या घरात सून म्हणून आले, त्या घरानं उंबऱ्यावरच हिशेब मागितला. पण मला राग आला नाही. इथं काम बराबर चालतं, एवढं त्यातून कळलं.

मग मला दोन खांबांत खिळीवर बसवलं. आखूड टोकाला दगड बांधला, लांब टोकाला दोर. दोर सोडला की मी वर, ओढला की खाली. तो दोर पुंजारामच्या हातात असे. पुंजाराम नाक्याचा शिपाई, रोजंदारीवरचा. शांत माणूस. साहेब दिसला की सलाम, ट्रक दिसला की दोर, यापलीकडे त्यानं नोकरीत काही केलं नाही. राहायला तो नाक्याच्या मागं, भीमनगरात. छप्पन सालानंतर तिथल्या घरांनी बुद्धाची तसबीर लावली, वस्तीचं नाव बदललं. गावातले काहीजण मात्र अजून जुन्याच नावानं वस्तीचा पत्ता सांगायचे.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या शब्दानंच केला. माझ्या नाक्यावर पाटी होती 'जकात नाका'. पण तोंडानं तसं कुणीच म्हणत नसे. निजामाच्या राजवटीत जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणायचे. तेव्हाची चौकी गावाच्या वेशीवर होती. पुढे गाव वाढलं, वेस आत गेली, चौकीला टाळं लागलं आणि नाका इकडं बाहेर, अंबडच्या रस्त्यावर आला. इमारत तिथंच राहिली, शब्द मात्र चालत इथं आला. "करोडगिरीपाशी उतरव रे," असं लोक एसटीच्या कंडक्टरला सांगायचे आणि माझ्यासमोर उतरायचे.

मी अडवते ती फक्त चाकं. माणसं माझ्या बाजूनं निघून जातात, बकऱ्या माझ्याखालून. तरीही या जागेवर उभं राहून मला जगाचा बराच व्यवहार कळला. आमच्या भागातला कापूस गाठी बांधून बाहेर जाई, तेव्हा त्याला कुणी थांबवत नसे. तोच कापूस कापड होऊन परत आला की मात्र मी खाली. जाताना राम राम आणि येताना दाम, असं काहीसं ते होतं. कापड कुठं झालं, त्यावर कुणी काय काय कमावलं, ते माझ्या नजरेपलीकडचं. दिल्ली मी पाहिलेली नाही, मुंबईही नाही. पण त्यांची नावं माझ्यासमोर रोज निघत.

सगळ्यात जास्त काढायचे ते सुरजमल शेठ. तेल-साखरेचे व्यापारी. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, आता शिव्याही मराठीत देणारं. एकदा त्यांची साखरेची बैलगाडी माझ्या पुढ्यातल्या खड्ड्यात रुतली. चार माणसांनी खांदा लावला तरी हलेना. शेठ सायकल टाकून धावत आले.

"बद्रीनाथजी, इन्कमटॅक्स दिल्लीला, सेलटॅक्स मुंबईला आन् जकात तुम्हाला. तिन्हीकडं बराबर देऊन राह्यलो. परत काय आलं, सांगा? हा खड्डा!"

"खड्डा आमचा न्हाई शेठजी," बद्रीनाथ शांतपणे म्हणाला. "रस्ता पीडब्ल्यूडीचा हाय. आमची हद्द काठीच्या अलीकडं."

तेवढ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन पुंजारामची बायको चांगुणाबाई तिथून चालली होती. तिच्या जिभेला कधी दोर नव्हता. "शेठजी," ती न थांबता म्हणाली, "तुम्हाला खड्डा तरी मिळाला. आमच्याकडं रस्ताच न्हाई, खड्डा कुठून येईल?"

सगळे हसले. शेठही हसले, पण त्यांना लागलं. "तुम्ही लोक कोणता टॅक्स भरता बाई?" त्यांनी मागून विचारलं. चांगुणाबाई पुढं गेली होती. हंडे जड होते.

तिनं उत्तर दिलं नाही, म्हणून मी देते. संध्याकाळी ती त्याच शेठच्या दुकानात गोडतेल घ्यायची. माझ्यापाशी भरलेली जकात शेठ काही घरातून घालत नव्हते, ती तेलाच्या भावात मिसळलेली असे. काडीपेटीवर तर एक सरकारी पट्टीच चिकटवलेली असते, ती फाडल्याशिवाय पेटी उघडत नाही. दर नव्या पेटीला चांगुणाबाई दिल्लीचा वाटा चुकता करून चूल पेटवायची आणि ते तिला ठाऊक नव्हतं. शेठना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. व्यापाऱ्याच्या मनातलं लाकडाला काय कळणार?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करणार नाही, ज्यांनी पाहिला त्यांना ते नकोय. नाक्यावर माल येईनासा झाला, मी दिवसच्या दिवस वरच असायची. रस्त्याची कामं निघाली. शेठची गाडी रुतली तो खड्डा चांगुणाबाईनंच खडी फोडून बुजवला. काम मिळालं, धान्य मिळालं. पाणी मिळेना.

भीमनगरला विहीर नव्हती. ओढ्यापलीकडं एका पाटलाच्या मळ्यात होती, पण तिथं या बायकांनी रहाटाला हात लावायचा नाही, काठावर हंडे मांडून बसायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. नाही आली तर बसून राहायचं. चांगुणाबाई खडीवर जायची, म्हणून तिची लेक बेबीनंदा हंड्यांजवळ बसायला लागली. पहिल्यांदा शाळा बुडवून, मग शाळा सोडूनच. पाटी घरात खुंटीला टांगलेली, आणि पोरगी विहिरीवर. चांगुणाबाईला सगळ्यात जास्त हेच सलत होतं. "मी न्हाई शिकले, ते न्हाई शिकले. हिला तरी शिकू द्या," ती पुंजारामला म्हणायची. पुंजाराम माझा दोर चाचपत बसायचा.

चौऱ्याहत्तरच्या सुमारास गावात बातमी आली की नळयोजना मंजूर झाली. पैसा म्हणे थोडा दिल्लीचा, थोडा मुंबईचा, थोडा नगरपालिकेचा. मला गंमत वाटली. जाताना हा पैसा तेलाच्या डब्यातून आणि काडीपेटीतून गेला होता, आता पाइपातून परत येणार होता. निदान येणार तरी होता.

कुठल्या चौकात नळ द्यायचे यावर नगरपालिकेत खल चालला. भीमनगरचं नाव कुणी घेईना. तेव्हा चांगुणाबाईनं जे केलं, त्याचा मला आजही अभिमान आहे, कारण त्यात माझा हात होता. हात म्हणजे काय, सगळं अंगच होतं.

नगराध्यक्षांची जीप अंबडहून येत होती. मी खाली होते. पुंजारामनं लांबूनच सलाम ठोकला आणि दोर सोडायला हात घातला. तेवढ्यात चांगुणाबाईनं डोक्यावरचा हंडा खाली ठेवला आणि त्याच्या हाताच्या वर दोर धरला.

"चांगुणे, सोड. नोकरी जाईल माझी."

"जाऊ द्या. तशी बी पक्की कुठं हाय?"

जीप माझ्या नाकाशी येऊन थांबली. अध्यक्षांनी डोकं बाहेर काढलं. "काय भानगड हाय रे?"

"जकात घ्यायचीय साहेब," चांगुणाबाई म्हणाली.

"जीपमधी माल न्हाई बाई."

"हाय की. मागल्या विलेक्शनपासून आश्वासनं घेऊन फिरून राह्यले तुम्ही. त्याच्यावर जकात न्हाई का?"

बद्रीनाथ खुर्चीतून उठून आत पळाला. ड्रायव्हरला हसू आवरेना. अध्यक्षांची मुद्रा एकदा कडक झाली, पण माणूस राजकारणातला. आजूबाजूला गर्दी जमलेली त्यानं पाहिली आणि तोही हसला. "सांग, काय पायजे?"

"नळ. करोडगिरीपाशी."

"दिला! करोडगिरीपाशी एक नळ. लिहून घ्या हो."

मागं बसलेल्या नव्या ओव्हरसियरनं लिहून घेतलं. चांगुणाबाईनं दोर सोडला आणि मी इतक्या झोकात वर गेले की खीळ करकरली. जीप गेल्यावर पुंजाराम तिथंच उकिडवा बसला. त्या संध्याकाळी त्याला भाकर गेली नाही. नोकरी मात्र गेली नाही. अध्यक्ष पुढं कैक सभांतून तो किस्सा स्वतःच सांगायचे, आपला मोठेपणा म्हणून.

आता घोटाळा. ओव्हरसियर होते साताऱ्याकडचे. करोडगिरी हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. नव्या माणसानं विचारावं तसं त्यांनी बाजारात विचारलं, "करोडगिरी कुठं आहे?" बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमतानं काठ्या उचलून जुन्या चौकीकडं रोखल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी त्या चौकीत निजामाच्या शिपायांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांच्या लेखी खरी करोडगिरी तीच. नळ बसला तो गावाच्या पोटात, चौकीच्या भिंतीला, सुरजमल शेठच्या दुकानासमोर. जिथं घरोघरी आड होते तिथं.

चांगुणाबाई धावत गेली. "साहेब, करोडगिरी ती न्हाई, ही! हितं, नाक्यापाशी!"

"बाई, तुमच्या पाटीवर जकात नाका लिहिलंय," ओव्हरसियर म्हणाले. "ठरावात करोडगिरी आहे. आता मी काय करू?" माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच काही करता येत नव्हतं.

ती परत आली, माझ्या दगडाशेजारी बसली आणि रडली. तिला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. मला फार वाईट वाटलं. लाकूड आहे म्हणून काय झालं, बोलायला लाज कसली? तिनं मला एकदाच कामाला लावलं होतं आणि ते काम असं वाया गेलं होतं.

पण सकाळी ती वेगळीच होती. भीमनगरच्या बायका ओढ्याकडं निघाल्या होत्या. ती त्यांच्या वाटेत आडवी आली. "नळ कुणाच्या नावचा हाय? करोडगिरीच्या ना? मंग करोडगिरीचे कोण? आपण. चला, उचला हंडे."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण गावातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी माझ्यासमोर थांबतेच. भीमनगरच्या बायकांची रांग शेठच्या दुकानासमोर लागली. कायदा त्यांच्या बाजूनं होता, त्यामुळं कुणी अडवलं नाही. पण त्यांचे हंडे भरून झाले की गल्लीतल्या बायका आधी तांब्या-तांब्या पाणी तोटीवर ओतून नळ धुऊन घ्यायच्या आणि मग आपली घागर लावायच्या. शेठाणी प्रेमबाईही धुवायची. बाई तशी मायाळू होती. उन्हाळ्यात दारावर आलेल्या कुणालाही ताक द्यायची, वरून ओतून. सासूनं शिकवलं तसं ती करत आली होती, त्यात कुणाचा अपमान असेल हे तिच्या मनातही आलं नसावं.

"आवो," चांगुणाबाई नाक्यावर पुंजारामला सांगत होती, "एका हंड्याला किती येळ लागतो, आन् ह्या बाया तेच पाणी तोटीवर वतून देऊन राह्यल्यात!" तिच्या आवाजात राग होता आणि त्याहून जास्त हळहळ होती. जिनं थेंबासाठी दिवस घालवले, तिला अपमानाआधी ते सांडणारं पाणी दिसायचं.

महिना-दोन महिने हे चाललं. रोज सकाळी शेठच्या दारात गर्दी, वादावादी, हंड्यांचा खणखणाट. गिऱ्हाईक बिचकायला लागलं. शेठ ना बायकांना हाकलू शकत, ना सहन करू शकत. शेवटी त्यांनी व्यापाऱ्याची युक्ती केली. अध्यक्षांकडं जाऊन म्हणाले, "आमचा माल नाक्यावर थांबतो. बैल तहानेनं बेजार होऊन राह्यले. नाक्यावर बैलांसाठी एक नळ पायजे, एकदम जल्दी. पाइपाचा खर्चा मी देतो."

आणि आला! कायद्यानं जो नळ मिळाला नाही, अध्यक्षांच्या शब्दानं जो मिळाला नाही, तो बैलांच्या नावानं मिळाला. मला हसावं की रडावं कळेना. चांगुणाबाईला मात्र तसला प्रश्न पडला नाही. तिनं पहिला हंडा भरला, बैलांसाठी बांधलेल्या हौदात मोजून एक कळशी ओतली, "घ्या रे बाबांनो, तुमचं नाव लागलं," म्हणाली, आणि बेबीनंदाला हाक मारली. पोरीची पाटी खुंटीवरून उतरली. दोन यत्ता मागं पडली होती, तरी गेली.

माझं म्हणाल, तर अठ्ठ्याहत्तर साली नाक्यावर लोखंडी पाइप आला. मला खिळीवरून काढलं आणि करवतीनं मधोमध कापलं. एक भाग बद्रीनाथच्या गोठ्याला वासा म्हणून गेला. दुसरा भाग म्हणजे मी. नळाचा उभा पाइप हंड्यांच्या धक्क्यांनी हलायचा, म्हणून पुंजारामनं मला त्याच्या शेजारी रोवलं आणि तारेनं त्याला माझ्याशी बांधलं. आयुष्यभर आडवी होते, म्हातारपणी उभी राहिले.

परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते आणि थांबते. गावातले आड आटले. टाकीत पाणी कमी, त्यामुळं चौकीचा नळ चढावर असल्यानं कोरडा पडला. आमचा नाका उताराला, म्हणून इथं थोडी धार येत होती. गावातले लोक इकडं यायला लागले. शेठचा गडी यायचा, पण त्या दिवशी तो लग्नाला मंठ्याला गेलेला. पितळेची घागर घेऊन प्रेमबाई स्वतः आली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. उन्हानं चेहरा लाल झालेला.

रांग होती. ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा आधीचा हंडा चांगुणाबाईचा होता. चांगुणाबाईनं तो काठोकाठ भरला आणि बाजूला सरली. प्रेमबाई पुढं झाली. सोबत आणलेला तांब्या तिनं धारेखाली धरला, अर्धा भरला आणि सवयीनं हात तोटीकडं उचलला.

भीमनगरच्या बायका बघत होत्या, गावातल्या बायकाही बघत होत्या. मी तर तोटीच्या इतकी जवळ होते की तांब्यातलं पाणी हललेलं मला दिसलं.

चांगुणाबाई ओरडली नाही. हंडा डोक्यावर घेण्याआधी पदराची चुंबळ करत ती म्हणाली, "बाई, धुवायला पाणी न्हाई हितं. प्यायला हाय. पायजे का?"

प्रेमबाईचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला. तिनं तांब्याकडं पाहिलं, चांगुणाबाईकडं पाहिलं, आणि तिथंच, उभ्या-उभ्या, तो अर्धा तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिऊन टाकला. तोंड पुसलं आणि घागर नळाखाली ठेवली. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की माझा बुंधा कुजत चाललाय हे मी विसरले.

घागर भरल्यावर ती एकटीला उचलेना. चांगुणाबाईनं आपला हंडा पुन्हा खाली ठेवला आणि हात लावला.

आता माझी स्थिती अशी आहे की खाली ओल, वर ऊन, आणि मधे वाळवी. फार दिवस निघतील असं वाटत नाही. माझ्यासाठी काही मागत नाही. पण या तोटीचा वायसर गेलाय, रात्रंदिवस गळते. पाणीपट्टी नेमानं घेतात आणि वायसर बदलायला माणूस येत नाही. नगरपालिकेत तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर तेवढं सांगा.